भिंतीवरील चित्राची उलटतपासणी करा



ज्या घराच्या भिंतीवर एखाद्या थोर पुरुषाचे वा स्त्रीचे चित्र नाही, असे घर आपल्या वस्तीत शोधूनही सापडावयाचे नाही. त्या चित्राला आपण हार घालता, त्याची काच पुसता, मुलाला बोट दाखवून नाव सांगता. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या चित्राला आपण कधी प्रश्न विचारला आहे काय? न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की तो कितीही प्रतिष्ठित असो, त्याची उलटतपासणी होते. तू कोण, तुला हे कोठून कळले, तुला येथे कोणी उभे केले, हे त्याला विचारले जाते. चित्र हाही एक साक्षीदारच आहे. तो बोलत नाही म्हणून त्याची साक्ष खरी, असे मानणे हा निव्वळ भाबडेपणा होय. किंबहुना मुका साक्षीदार अधिक धोक्याचा. कारण त्याचे खोटे डोळ्यांवाटे मनात उतरते आणि त्यावर कोणी वाद घालीत नाही.

यास्तव आमचे म्हणणे असे की, प्रत्येक व्यक्तिचित्रास तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ते कोणी केले? ते कशाचे केले? आणि ते कोणाच्या मालकीचे झाले? आज छायाचित्र, कापड, कागद, रंग, वर्तमानपत्रांची कात्रणे अशी नाना साधने एकत्र करून इतिहासातील व्यक्तींची चित्रे करण्याचा प्रघात जगभर पडला आहे. त्यास मिश्रमाध्यम असे म्हणतात. जितकी साधने अधिक, तितके हे तीन प्रश्न अधिक अगत्याचे. कारण अशा चित्रात खरे काय आणि जोडलेले काय, हे ओळखणे अधिक अवघड असते.

हे प्रश्न तपासण्यासाठी आपण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चित्रांचा दाखला घेऊ. इतक्या दूर जाण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. ज्या घराशी आपल्या वडीलधाऱ्यांनी असा संबंध जोडला, त्या घराच्या भिंतीवर काय टांगले आहे हे पाहणे आपणांस परके नाही.

पहिला प्रश्न : कोणी केले?

फ्रेडरिक डग्लस हे १८१८ च्या सुमारास मेरीलँड प्रांतात गुलाम म्हणून जन्मले. १८३८ साली ते पळून मुक्त झाले. पुढच्याच वर्षी, १८३९ साली, छायाचित्र घेण्याची कला फ्रान्समध्ये जगापुढे जाहीर झाली. हा योगायोग खरा, पण डग्लस यांनी त्याचा जो उपयोग करून घेतला तो योगायोग नव्हे. आज त्यांची सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे ज्ञात आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याइतकी छायाचित्रे दुसऱ्या कोणा अमेरिकन माणसाची घेतली गेली नाहीत, असे अभ्यासक सांगतात. राष्ट्राध्यक्षांचीसुद्धा नाहीत!

हा हौसेचा मामला होता काय? मुळीच नाही. १८४९ साली डग्लस यांनी आपल्या वृत्तपत्रात स्पष्ट तक्रार नोंदविली की, गोऱ्या चित्रकाराच्या हातून कृष्णवर्णीयाचे निःपक्षपाती चित्र होणे जवळजवळ अशक्य आहे. कृष्णवर्णीय माणूस कसा दिसतो याची एक ठराविक कल्पना त्या चित्रकाराच्या मनात आधीच बसलेली असते, आणि तो समोरच्या माणसाचे चित्र काढावयाचे सोडून त्या कल्पनेचे चित्र काढतो. ओठ फुगवितो, कपाळ दडपतो. मग ते चित्र पाहून दुसरा म्हणतो, पाहा, हे लोक असेच! अशा रीतीने पूर्वग्रहाने चित्र तयार होते आणि त्याच चित्राने पूर्वग्रह सिद्ध होतो. ज्याची फिर्याद, त्यानेच साक्षीदार शिकवावयाचा आणि त्यानेच निकाल द्यावयाचा, असा हा न्याय!

डग्लस यांनी या खोट्या साक्षीविरुद्ध स्वतःची साक्ष उभी केली. ते नीटनेटका पोशाख करून, गंभीर मुद्रेने छायाचित्रकारासमोर बसत. गुलाम आपल्या स्थितीत सुखी आहे असे दाखविणारी हसरी चित्रे मालकवर्गास प्रिय होती. म्हणून डग्लस हसत नसत. १८६१ साली यादवी युद्धास तोंड लागलेले असताना त्यांनी बोस्टन येथे चित्रे या विषयावर व्याख्यान दिले. युद्धकाळात हा कसला विषय, असे पुष्कळांस वाटले असेल. परंतु माणसाला माणूस म्हणून पाहण्याचे ज्याने नाकारले, त्याच्याशी चाललेल्या लढ्यात चित्र हेही एक शस्त्र आहे, हे त्यांस ठाऊक होते.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या भूमीत परका आहे काय? जोतीराव फुले १८८८ साली पुणे येथे ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ भरलेल्या मेजवानीस शेतकऱ्याच्या वेषात गेले. रेशमी अंगरखे आणि भरजरी पागोटी यांच्या मेळाव्यात तो जाडाभरडा वेष हीच त्यांची कैफियत होती. हिंदुस्थान पाहावयाचा असेल तर तो या मेजवानीत नाही, खेड्यात आहे, हे त्यांनी आधी वेषाने आणि मग शब्दांनी सांगितले. आपण कसे दिसावे हे ठरविण्याचा अधिकार जोतीरावांनी तेथे बजावला आणि डग्लस यांनी छायाचित्रकारासमोर बजावला. दोघांचे वेष भिन्न, पण हक्क एकच.

दुसरा प्रश्न : कशाचे केले?

आता आपण मुख्य मुद्द्याकडे वळू. न्यू जर्सी प्रांतात १९७३ साली जन्मलेल्या बिसा बटलर नावाच्या कलावतीने डग्लस यांचे एक चित्र २०२० साली पूर्ण केले. ते रंगाचे नाही, कापडाचे आहे. त्याचे नाव ‘वादळ, वावटळ आणि भूकंप’ अशा अर्थाचे असून ते डग्लस यांच्या १८५२ च्या प्रसिद्ध भाषणातून घेतले आहे. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या दृष्टीने काय आहे, असा खडा सवाल त्यांनी त्या भाषणात आपल्या गोऱ्या श्रोत्यांस केला होता.

ही चित्रे कशी होतात ते समजून घेतले पाहिजे. बटलरबाई प्रथम एखादे जुने छायाचित्र निवडतात, ते माणसाएवढे मोठे करतात, आणि त्यातील छाया व प्रकाशाच्या जागा वेगळ्या आखून घेतात. मग प्रत्येक जागेसाठी कापडाचा तुकडा बेततात. सुती, रेशमी, मखमली, पश्चिम आफ्रिकेत प्रिय असलेले मेणछाप कापड, असे तुकडे एकावर एक बसवून गाल, कपाळ, बोटे, डोळ्यांखालची सावली तयार करतात. शेवटी वरचा थर, मधला भरणा आणि खालचे अस्तर हे तीन थर यंत्राने एकत्र शिवतात. दोऱ्याची प्रत्येक ओळ ही चित्रातील रेघ होते.

आमच्या भगिनी हे वाचून म्हणतील की, ही तर गोधडी! होय, गोधडीच आहे. जुन्या लुगड्यांचे थर, वरून ठिगळे आणि धावदोरा यांनी आपल्या आया जी वाकळ शिवीत आल्या, तिच्याच जातकुळीची ही कला. अमेरिकेतील गुलाम स्त्रियाही उरलेल्या चिंध्यांच्या अशाच गोधड्या शिवीत. जॉर्जिया प्रांतात १८३७ साली गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी गोधडीवर कापडाच्या आकृत्यांनी संपूर्ण कथा मांडल्या. त्यांतील एक गोधडी गरिबीपायी त्यांना पाच डॉलरला विकावी लागली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रही आहे.

परंतु कापड हे केवळ गरिबीचे साधन म्हणून येथे आलेले नाही. येथे कापड हाच पुरावा आहे. तो कसा, ते कायद्याच्या पुस्तकात पाहा. दक्षिण कॅरोलिना वसाहतीच्या १७४० च्या कायद्याने गुलामाने कोणते कापड वापरावे हे ठरवून दिले होते. निग्रो-कापड याच नावाने ओळखले जाणारे भरड कापड आणि तशाच हलक्या प्रतीची काही कापडे एवढ्यांचीच मुभा होती. त्याहून चांगले वस्त्र गुलामाच्या अंगावर दिसल्यास ते हिसकावून स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार शिपायास दिलेला होता. आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावे आणि प्रेतावरची वस्त्रे नेसावी, असा तेथे दंडक आहे. एक कायदा अटलांटिक महासागराच्या काठी झाला, दुसरा गंगेच्या काठी. पण दोन्ही शास्त्यांनी माणसाच्या कातडीइतकेच त्याच्या कापडावर लक्ष ठेवले. का? कारण वस्त्र पाहताच दर्जा कळावा, आणि दर्जा कळताच माणसाने पायरीवर थांबावे, हा हेतु.

म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच सुमारास बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जातीची खूण पटविणारी पद्धत सोडण्यास आणि अंगावरचे जड, हलक्या धातूचे दागिने टाकून देण्यास सांगितले. ज्यांना तो उपदेश किरकोळ वाटला, त्यांना मनूचा दहावा अध्याय कळला नव्हता. प्रेतवस्त्राचा कायदा केवळ ग्रंथ जाळून संपत नाही, तो अंगावरून उतरवावा लागतो.

आता बटलरबाईंच्या चित्राकडे पुन्हा पाहा. ज्याला भरड कापडाखेरीज दुसरे वस्त्र कायद्याने वर्ज्य होते, त्या समाजाच्या माणसाचे मुखच तेथे रेशीम आणि मखमल यांचे केले आहे. हे केवळ शोभेसाठी नव्हे. १७४० च्या कायद्याला दिलेले ते उत्तर आहे. अशा चित्रात वापरलेली वस्तु स्वतःच साक्ष देते, आणि मिश्रमाध्यमाचे खरे सामर्थ्य आम्ही यातच मानतो.

आक्षेप आणि उत्तरे

यावर तीन आक्षेप ऐकू येतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की, ही कला नव्हे, हा कारागिरीचा प्रकार आहे. शिवणकाम हे बायकांचे काम. या आक्षेपात कलेपेक्षा वर्णव्यवस्था अधिक आहे. कुंचला धरणारा कलावंत आणि सुई धरणारी मजूर, दगड कोरणारा पाथरवट आणि त्यावर नाव कोरवून घेणारा दाता, ही उतरंड कोणी लावली? ज्यांनी हाताने काम करणाऱ्यास खालच्या पायरीवर बसविले, त्यांनीच. आपण ती पायरी नाकारून बाहेर पडलो असताना तिची मोजपट्टी मात्र कलेच्या प्रांतात जपून ठेवावी, हे कोणते तर्कशास्त्र?

दुसरा आक्षेप असा की, बटलरबाईंच्या चित्रातील चेहरे जांभळे, निळे, तांबडे असतात. ते खरे कसे? याचे उत्तर नीट ध्यानात घ्या. जांभळा चेहरा पाहून कोणीही असे समजत नाही की, डग्लस यांची कातडी जांभळी होती. रंग हा कलावतीचा, मुद्रा मात्र छायाचित्रातील, हे पाहणाऱ्यास तत्काळ कळते. म्हणजे कल्पना कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो, ही सीमा त्या चित्राने उघड ठेवली आहे. उलट, सावळ्या माणसाचा वर्ण दोन छटांनी उजळला, तर पाहणाऱ्यास फसविले जाते, कारण तो बदल बदल म्हणून दिसतच नाही. जांभळ्या चेहऱ्याने कोणाची फसवणूक होत नाही, गोऱ्या केलेल्या चेहऱ्याने होते.

तिसरा आक्षेप जरा पंडिती आहे. हे मेणछाप कापड मूळचे आफ्रिकेचे नाहीच. जावा बेटातील बाटिकचे अनुकरण करून ते हॉलंडमधील गिरण्यांनी काढले आणि पश्चिम आफ्रिकेत विकले. मग ते आफ्रिकेची खूण कसे? इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. पश्चिम आफ्रिकेतील स्त्रियांनी त्या कापडांतील नक्ष्यांना आपली नावे दिली, आपले अर्थ दिले, लग्नात आणि शोकात ती नेसली. बाबासाहेबांचा कोट-पाटलोण लंडनच्या फॅशनचा होता, म्हणून तो आपला नव्हे काय? कापड विणले कोणी हा एक प्रश्न झाला. त्याला अर्थ कोणी दिला हा दुसरा. मनूने ठरविलेले वस्त्र टाकून जो पोशाख बाबासाहेबांनी स्वेच्छेने अंगावर चढविला, तो त्याच क्षणी आपला झाला.

तिसरा प्रश्न : मालकी कोणाची?

वकिली पेशामुळे या प्रश्नाकडे आमचे लक्ष विशेष जाते, आणि आमच्या मते समाजाचे सर्वांत कमी लक्ष याच प्रश्नाकडे आहे.

सोजर्नर ट्रूथ ही स्त्री १७९७ च्या सुमारास न्यू यॉर्क प्रांतात गुलामीत जन्मली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही आपल्या लहान मुलास बेकायदा अलाबामात विकले गेले हे कळताच तिने न्यायालय गाठले आणि १८२८ साली मुलाला परत मिळविले. पुढे ती आपली छोटी छायाचित्रे विकून उदरनिर्वाह आणि प्रचारकार्य चालवीत असे. त्यांतील पुष्कळ चित्रांत ती मांडीवर विणकाम घेऊन, स्वच्छ टोपी व शाल परिधान करून बसलेली आहे. १८६४ साली तिने या चित्रांचा स्वामित्वहक्क स्वतःच्या नावे नोंदवून घेतला. त्या काळी असा हक्क सामान्यतः छायाचित्रकाराच्या नावे होत असे. ज्या स्त्रीचा देह एकदा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत होता, तिने आपल्या छबीची मालकी कायद्याच्या पुस्तकात स्वतःच्या नावे लिहवून घेतली! आपल्या मुलींना शाळेत सांगावी अशी ही गोष्ट आहे.

परंतु मालकीच्या या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. छायाचित्रावरून चित्र करणारा कलावंत छायाचित्रकाराचे ऋण विसरतो. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार स्त्रीने प्रिन्स या गायकाचे छायाचित्र १९८१ साली घेतले. १९८४ मध्ये एका मासिकाने चारशे डॉलर देऊन, फक्त एकदा वापरण्याच्या अटीवर, त्यावरून अँडी वॉरहॉल यांजकडून चित्र करवून घेतले. वॉरहॉल यांनी एकाऐवजी सोळा कलाकृती केल्या. २०१६ साली प्रिन्स वारला, तेव्हा त्यांतील एक चित्र छापण्यासाठी वॉरहॉल यांच्या प्रतिष्ठानास दहा हजार डॉलर मिळाले. गोल्डस्मिथबाईस ना पैसा मिळाला, ना तिचे नाव छापले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी त्या वापरापुरता निकाल गोल्डस्मिथबाईच्या बाजूने दिला. चित्रकार जगप्रसिद्ध आहे एवढ्याने छायाचित्रकाराचा हक्क बुडत नाही, असा त्याचा आपल्यापुरता बोध.

आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानेही छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती मानली आहे. आणि कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकला तरी ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. आता आपल्या भिंतीवरील चित्राकडे पाहा. मूळ छायाचित्र कोणी घेतले, कोठे घेतले, कोणत्या साली घेतले, याचा एक शब्द तरी त्यावर आहे काय? छापखान्याचे नाव असते, दुकानाचे असते, देणगीदाराचे तर ठळक असते. ज्याने ते मुख आपल्यासाठी टिपून ठेवले, तो मात्र अनाम राहतो. आपल्या इतिहासातून आपली नावे पुसली गेली म्हणून आपण योग्य तो संताप व्यक्त करतो. मग दुसऱ्याचे नाव पुसताना आपला हात का थरथरत नाही?

याउलट दाखला पाहा. गुलामांना मुक्तीकडे नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांची वृद्धापकाळची छायाचित्रेच पूर्वी सर्वत्र दिसत. १८६८-६९ च्या सुमारास बेंजामिन पॉवेलसन यांनी घेतलेले त्यांचे तुलनेने तरुण वयातील एक छायाचित्र २०१७ साली अमेरिकेतील दोन राष्ट्रीय संस्थांनी मिळून विकत घेतले आणि सर्वांसाठी खुले केले. त्या छायाचित्रावरून बटलरबाईंनी २०२१ मध्ये टबमन यांचे कापडी चित्र केले. आज ते वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. येथे तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. चित्र कोणी केले ते ठाऊक आहे, कशावरून आणि कशाचे केले ते ठाऊक आहे, आणि ते कोणाकडे आहे तेही ठाऊक आहे. अशा साक्षीदारास आम्ही विश्वासपात्र म्हणतो.

आपल्या घरात काय चालले आहे?

आता स्पष्ट बोलण्याची वेळ आहे. राग आला तरी चालेल.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र १९९० साली लागले. म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तेहेतीस वर्षांहून अधिक काळ त्या भिंतीवर त्यांना जागा नव्हती. आपल्या चाळींच्या, झोपड्यांच्या, खेड्यातल्या मातीच्या भिंतींनी मात्र एका दिवसाचाही विलंब लावला नाही. हा आपला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. परंतु ज्या मुखाला आपण सर्वांच्या आधी जागा दिली, त्याचे आज आपणच काय करीत आहोत?

जयंतीच्या फलकावर बाबासाहेब कोपऱ्यात आणि वर्गणी देणारे पुढारी मध्यभागी, त्यांच्याहून मोठे, हात जोडून हसत उभे! त्यांचा सावळा वर्ण उजळलेला, चेहऱ्यावरच्या चिंतनाच्या रेषा पुसून गुळगुळीत केलेल्या, मस्तकामागे देवादिकांच्या चित्रात असते तसे तेजोवलय. आणि आता तर संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने घडलेल्या चित्रांचा पूर आला आहे. जे कधी भेटले नाहीत ते एका बाकावर बसलेले दिसतात. जो प्रसंग कधी घडला नाही त्याचे जुनाट दिसणारे छायाचित्र घरोघर फिरते. न्यायालयात अशा कागदाला बनावट दस्तऐवज म्हणतात. प्रेमापोटी केलेला बनावट दस्तऐवज हाही बनावटच. आणि त्याचा परिणाम काय होतो? उद्या आपला विरोधक आपले एक खोटे चित्र उघडे पाडतो आणि त्या जोरावर आपली शंभर खरी चित्रे संशयास्पद ठरवितो.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, हा श्रद्धेचा विषय आहे, त्यात पुराव्याची किचकट भाषा कशाला? त्यांस आमचे नम्र पण ठाम उत्तर असे की, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनीच राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा दिला होता. ज्यांनी हे सांगितले, त्यांच्याच मस्तकामागे तेजोवलय काढणे म्हणजे त्यांच्या चित्राने त्यांच्याच विचाराविरुद्ध साक्ष देवविणे होय.

आणि पुराव्याविषयीचा आदर्श हवा असेल तर सांचीच्या तोरणांकडे पाहा. तेथील शिल्पांत तथागतांची मानवी आकृती कोरलेली नाही. बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, पावलांच्या खुणा आहेत, रिकामे आसन आहे. मानवी रूपातील मूर्ती पुढे मथुरा आणि गांधार येथे घडल्या. त्या सुंदर आहेत, पण त्या कलावंतांच्या कल्पनेतून उतरल्या आहेत, तथागतांना पाहून नव्हे, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे. सांचीच्या पाथरवटांनी आसन रिकामे ठेवले आणि तरीही भक्कम चित्र उभे केले. सर्व काही भरून टाकलेच पाहिजे असे नाही. सावित्रीबाईंच्या मुखाची अस्सल साधने मोजकीच आहेत. तेथे कलावंताने कल्पना करावी, पण ही कल्पना आहे हे लपवू नये.

आपण काय करावे?

केवळ टीका करून थांबणे आम्हांस मान्य नाही. म्हणून पुढील गोष्टी आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट : घरातील प्रत्येक चित्राच्या पाठीमागे एक कागद चिकटवा. मूळ छायाचित्राचे साल, स्थळ आणि छायाचित्रकाराचे नाव शोधून त्यावर लिहा. सापडले नाही तर तेही लिहा. घरातील आजी-आजोबांच्या छायाचित्रांनाही हाच नियम लावा, आणि तो आज लावा. नावे सांगणारी माणसे उद्या असतीलच असे नाही.

दुसरी : जयंतीच्या मंडळात ठराव मांडा की, फलकावर महापुरुषाखेरीज दुसऱ्या कोणाचे मुख छापले जाणार नाही, वर्ण उजळला जाणार नाही, आणि यंत्राने रचलेले प्रसंग छायाचित्र म्हणून लावले जाणार नाहीत.

तिसरी : आपल्या मुलामुलींना स्वतः चित्रे करू द्या. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली, ‘जनता’ १९३० साली, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ साली. या पत्रांच्या पानांच्या प्रती जोडून बाबासाहेबांचा कोट करता येईल. म्हणजे तो कोट कशाच्या जोरावर त्यांनी मिळविला हे पाहणाऱ्यास वाचता येईल. मात्र प्रतीच कापा. मूळ अंकाला कात्री लावू नका. तो अंक हाच पहिला पुरावा आहे.

चौथी : आयाबहिणींनी आपली सुई लहान समजू नये. गिरणीत राबलेल्या आजोबांचा सदरा, आजीचे विटलेले लुगडे, ज्या शाळेत बापाला दाराबाहेर बसविले त्याच गावातील शाळेत जाणाऱ्या नातीचा गणवेश, या कापडांतून ज्या माणसाचे मुख उभे राहील त्याला दुकानातील कोणतीही सोनेरी चौकट सर येणार नाही. त्या चित्रावर शिवणाऱ्या बाईचे नाव दोऱ्याने घालावे. आपल्या आयांनी हजारो गोधड्या शिवल्या, आणि एकीवरही त्यांचे नाव नाही. हा अन्याय थांबविणे आपल्याच हातात आहे.

बंधुभगिनींनो, ज्यांनी आपल्या पूर्वजांस प्रेतावरचे कापड नेसावयास सांगितले, त्यांनी आपली चित्रे कधी काढली नाहीत. काढली तेव्हा विद्रूप काढली. आता कापडही आपल्या हाती आहे, कात्रीही, आणि कायदाही. तेव्हा यापुढे भिंतीवरचे चित्र खोटे निघाले, तर दोष मनूच्या माथी मारता येणार नाही. आज घरी गेल्यावर चित्र खाली उतरवा, मागची धूळ पुसा, आणि तेथे काय लिहिले आहे ते पाहा. काहीच लिहिलेले नसेल, तर लेखणी उचला.

जय भीम!